लाल लागला की खाट हलते

६ नोव्हेंबर
राजधानीहून पोचले एकदाची सारी-तोरला! घाटात बर्फ, ड्रायव्हर रस्ताभर गात होता, आणि माझ्या मांडीवर यंत्राची पेटी, तान्ह्या मुलासारखी जपलेली. इस्पितळाच्या दारात मोठे डॉक्टर ओमुरझाक सादिकोविच स्वतः उभे होते. गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, आणि लोणी पुढे करत म्हणाले, बुरुलाय आली, आता आमचे जंतू डोंगर ओलांडून पळणार. सगळे हसले, मीही हसले. मुख्य परिचारिका राइखान एजे (ताईला इथे एजे म्हणतात) हिने माझ्या खोलीत आधीच शेगडी पेटवून ठेवली होती. खिडकीतून उंच पॉप्लर दिसतात. खूश आहे मी.

८ नोव्हेंबर
कामाला लागले. रुग्णाच्या कातडीवरून, जखमेवरून कापसाची काडी फिरवायची, नळीत बुडवायची, नळी यंत्रात सरकवायची. तासाभरात दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक. लाल म्हणजे कुठल्याच औषधाला दाद न देणारा जंतू त्या अंगावर वस्तीला आलाय. माणूस अजून आजारी नसेलही, पण त्याला लगेच एकटा ठेवायला हवा. पूर्वी हे कळायला दोन-तीन दिवस जायचे आणि तोवर जंतू शेजारच्या खाटेवर.
आज पहिला लाल मिळाला. शस्त्रक्रिया विभागातले झुमाश आजोबा, मेंढपाळ, पायाला जखम. त्यांना वेगळी खोली द्या असं मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि माझी पाठ थोपटली.

१२ नोव्हेंबर
आजोबांची खाट रिकामी, चादर ताजी. सगळा विभाग पुन्हा तपासला. हिरवा. मोठ्या डॉक्टरांनी चहा मागवला, अभिनंदन केलं. आजोबा कुठे, विचारलं. म्हणे सर्वसाधारण विभागात हलवलं, तिकडे ऊब जास्त आहे.
ऊब! खोलीभर म्हातारे, खाटेला खाट चिकटलेली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राइखान एजेने मला बाजूला घेतलं आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. ज्या विभागात लाल सापडतो, तो विभाग सरकारी तपासनीस बंद करतात आणि त्याच्या डॉक्टरला भर सभेत उभं करून सोलतात. म्हणून लाल लागला की खाट हलवायची. फेरतपासणीत विभाग स्वच्छ निघतो. तिची आई इथे परिचारिका होती तेव्हापासून असंच चालत आलंय. वर मलाच म्हणाली, कशाला एवढी लाल होतेस, पोरी, तुलापण हलवतील.

१९ नोव्हेंबर
सर्वसाधारण विभागात आजोबांच्या दोन्ही बाजूंचे लाल. मी ओरडले, मेजावर मूठ आपटली. ओमुरझाक सादिकोविच शांतपणे म्हणाले, तुझ्या यंत्राला डोळे आहेत, अक्कल नाही, ती मी पुरवतो. त्या दोघांना मूत्रपिंडाच्या विभागात पाठवलं. तिथे, जिथे माणसांच्या अंगात आधीच नळ्या खुपसलेल्या असतात!
राग निवळावा म्हणून नवजात बाळांच्या खोलीत जाते. तिथे अजून एकही लाल नाही. झूराचं पोर आहे, दिवस भरायच्या आत आलेलं, मुठीएवढं. दृष्ट लागू नये म्हणून ती त्याला कुचुक म्हणते, कुत्र्याचं पिल्लू. हे पिल्लू मधूनच श्वास घ्यायचा विसरतं. परिचारिका सलतनत पायाच्या तळव्यावर टिचकी मारते, की त्याला आठवतं. दिवसभर तिचं तेच काम. झूराची आधीची दोन राहिली नाहीत. तिने माझा हात धरून मागितलं, एजे, ही खोली तेवढी सांभाळा. मी शब्द दिला.

२७ नोव्हेंबर
मूत्रपिंडाच्या विभागात पाच लाल. पाचही वेगवेगळ्या विभागांत हलवले. विचारलं तर सगळे कानावर हात ठेवतात.

३ डिसेंबर
झुमाश आजोबा गेले. कारण काय लिहिलं? हृदय! पायापासून मांडीपर्यंत काळे पडले होते ते, आणि म्हणे हृदय. लाज वाटत नाही यांना. राजधानीत फोन केला, आमच्याच वरिष्ठांना. ते म्हणाले, सारी-तोरचे आकडे तर फार सुंदर आहेत.

५ डिसेंबर
आज कळलं. जंतू आपला आपण पसरत नाहीये. मी शोधते, दिवा लाल होतो, खाट हलते. मीच त्याला खोल्या दाखवत फिरतेय. यंत्र आलं नसतं तर आजोबा एकाच कोपऱ्यात पडून राहिले असते. तपासावं तर हलवतात. न तपासावं तर —
कॉरिडॉरमध्ये खाटेची चाकं करकरतात. आता भर दुपारीसुद्धा मला धडकी भरते.

७ डिसेंबर
स्त्रियांच्या विभागात कालबुबू. सिझेरियनची जखम. लाल.
तिला कुठे नेणार? लाल न लागलेली उरलीय एकच खोली, नवजात बाळांची. मोठे डॉक्टर म्हणाले, तिचं बाळ तिथेच आहे ना, मग आईला बाळाजवळ ठेवण्यात वाईट काय?
मी त्यांना खुनी म्हटलं. सगळ्यांसमोर.

८ डिसेंबर, दुपार
मी बाळांच्या खोलीत आहे, यंत्रासकट. सलतनत दूध गरम करायला गेली आणि चाकं ऐकू आली. औषधांचं कपाट ढकलून दाराला लावलंय. बाळं झोपलीत. येऊन दाखवा म्हणावं आता!

पुन्हा दुपार
दार बडवताहेत. मोठे डॉक्टर शिव्या देताहेत. देऊ देत.
झूरा रडतेय. मला वाटलं, दुवा देत असेल. नाही. ती म्हणतेय, एजे, बाहेर या. सगळ्या आजाऱ्यांना हात लावत फिरलात ते तुम्हीच. माझ्या पिल्लाला शिवू नका.
मी —
मी हात धुते. दर वेळी धुते. रागात असले तरी — धुते ना?
एक नळी उरलीय. काडी तळहातावर फिरवली. नखांखाली. यंत्रात घातली.

अजून दिवा नाही. हात मांडीखाली दाबून बसले होते. आता पेन धरायला एक काढलाय, तेवढाच. कशालाही हात लावायचा नाही.

लाल.

माझा. लाल.
दार उघडलं तर कालबुबूची खाट आत. नाही उघडलं तर आत मी. कपाटाला मी हात लावलेत. दाराच्या कडीला. काल कुचुकच्या दुपट्याला —
सलतनतला हाक मारते. मारली. बाहेरच्या गोंधळात ऐकू जात नाही. कपाट हलत नाही, मघाशी कसं हललं —

कुचुक गप्प आहे.
छाती हलत नाही. ओठ निळे. टिचकी मारायला हवी. एकच टिचकी. झूरा बाहेरून ओरडतेय, शिवू नका, शिवू नका — तिला दिसत नाहीये — हातमोजे नाहीत, इथे नळ नाही, दुसरं कोणी नाही, फक्त माझं हे बोट —