सूप पिण्याची नोकरी

हॉलिवूड,
बुधवार, १७ मार्च १९३७

चिरंजीव एल्मर यास थोरल्या ऑर्विलचे आशीर्वाद. (तुझ्या नावामागे ‘चिरंजीव’ लिहिताना पूर्वी हात अडखळत नसे. आज अडखळला, का, ते खाली येईल.) मी ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिकडचा बर्फ वितळला का? तुझं पत्र पोचलं. त्यात तू इथल्या संत्र्यांची आणि हवेची चौकशी केली आहेस आणि शेवटी जाता जाता मिशी काढल्याचं कळवलं आहेस. आठ वर्षं जपलेली मिशी माणूस जाता जाता काढत नाही, एल्मर.

माझी नोकरी नेमकी काय, हे मी घरी कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो. दोन वर्षं मी या स्टुडिओत पगारी नट आहे आणि कॅमेऱ्याने माझं तोंड अजून पाहिलेलं नाही. आमचा मोठा नट लायल व्हेन रुसला (आणि तो रुसायचा; कधी संवादावर, कधी घोड्यावर), की मालक क्रॅनिकसाहेब मला त्याचा कॅप्टनचा पोशाख चढवून कँटीनमध्ये खिडकीजवळ सूप प्यायला बसवतात. माझा चेहरा त्याच्यासारखा आहे, एवढीच माझी कला. व्हेन बाहेरून बघतो, आपल्या जागी दुसरा तयार आहे हे त्याला उमगतं, आणि अर्ध्या तासात स्वारी सेटवर हजर. अशी चार बंडं मी मोडली, तीही वाटाण्याच्या सूपवर. पण करार पुढे चालवायचा की नाही, हे साहेब दर सहा महिन्यांनी ठरवतात, आणि माझी तारीख परवा शुक्रवारी आहे.

आणि नेमका आताच व्हेन सुधारला! लग्न झाल्यापासून सहा आठवडे एकदाही रुसलेला नाही. मला रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. (माणूस उगाच इतका गोड होत नाही.) मी त्याला डिवचून पाहिलं. म्हटलं, “लायल, पोस्टरवर तुझ्यापेक्षा घोडा मोठा छापलाय बघ.” तर म्हणतो, “छापू दे की रे, बिचारा दिवसभर मला वाहतो.” असल्या माणसापुढे मी काय सूप पिणार!

तेव्हा मी ठरवलं, आता आपणच रुसायचं. इथे जो रुसतो त्याचीच किंमत, हे मी दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. निरोप पाठवला, की एक तरी वाक्य बोलायला मिळाल्याशिवाय मी सूपला हात लावणार नाही. साहेबांनी लगेच बोलावलं, सिगार दिला, घरची चौकशी केली. “भाऊबिऊ आहे का रे तुला?” मला भरून आलं, कारण इथे असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी पाकिटातून आपला तळ्याकाठचा, त्या मोठ्या माशाबरोबरचा फोटो काढून दाखवला. त्यांनी मासा पाहिलाच नाही. तुझ्याकडे बघत म्हणाले, “मिशी नसती तर अगदी तूच!” मी हसलो, एल्मर. गाढवासारखा हसलो. ही पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. परवा तुझं पत्र आलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तरी तुझ्यावर माझा काडीचाही संशय नाही. सख्खा भाऊ आहेस.

तुझा (अजून तरी) थोरला भाऊ,
ऑर्विल

ता. क. : स्टुडिओकडून आगगाडीचं तिकीट आलं तर फाडून टाक. एवढंच मागणं आहे, बाकी सगळं त्यासाठीच लिहिलं. इथून काढलेल्याला दुसरा कुठलाही स्टुडिओ दारात उभा करत नाही, आणि गावी येऊन डेअरीत तुझ्या हाताखाली राबणं मला जमायचं नाही.

ता. क. २ : पत्र टाकायला निघालो तर वाटेत कँटीन लागलं. खिडकीजवळ, माझ्या पोशाखात, तू बसला आहेस आणि फुंकून फुंकून सूप पितो आहेस. टपालखर्च वाचला, हे पत्र वाढणाऱ्या बाईंच्या हाती तुझ्या टेबलावर पाठवतो आहे. साहेबांना सांग, थोरला घाबरला, रुसवा संपला. आणि मग ऊठ. ती खुर्ची माझी आहे.