अण्णांचं हैदराबाद, कॉम्प्युटरवर

५ जानेवारी २००३, रविवार
अण्णांना हैदराबादला न्यायचं दिवाळीत कबूल केल्तं. पोरवयात ते निजामाच्या राजधानीत, पत्थरगट्टीला कापड दुकानात नोकरीला होते. पण रात्रभर रेल्वे, त्यांचे गुडघे, माझी ॲसिडिटी! मंग आयडिया सुचली. जुन्या जालन्यातून हैदराबादच्या इतिहासाची सीडी आणली. आख्खी राजधानी घरबसल्या. असा मुलगा गल्लीत दुसरा न्हाई.

८ जानेवारी
उद्घाटन. कॉम्प्युटरला हार. झुंबर म्हणाली, एवढ्यात तिकीट काढून झालं असतं. बायकोच ती, दुर्लक्ष केलं. चारमिनार आला तसे अण्णा म्हणाले, हे तर रोजच बघायचो, जरा उजवीकडं वळव, दुकान तिकडंय. वळेना. माउस आपटला. अण्णांनी मॉनिटरच्या मागं वाकून बघितलं.

१२ जानेवारी
अण्णांचे दोस्त लालमियाँ आल्ते. तेही तरुणपणी हैदराबादला राह्यलेले. सीडीतली बाई कुतुबशाही सांगून राह्यली, अन् हे दोघं आपल्याच गल्ल्या, आपलेच इराणी चहा! इतिहासाची बिलकुल कदर न्हाई. सीडी बंद केली. अण्णा हळूच म्हणाले, एकदा जाऊनच येऊ का रे? मी म्हणालो, पार्ट टू येऊन राह्यलाय, थांबा जरा.
पार्ट टू वगैरे काही न्हाई.

२० जानेवारी
अण्णा गेले! लालमियाँसोबत, रात्रीच्या गाडीनं. झुंबरनं भाकरी बांधून दिल्या, मला पत्ता न्हाई. जाम भडकलो. म्हणाली, तुम्ही सीडीत होता, उठवायचं जिवावर आलं.

२४ जानेवारी
आले. दुकानाच्या जागी मोबाईलचं शोरूम झालंय म्हणे. पायरी मात्र तीच. दोघं बसले तिच्यावर, वॉचमननं उठवेपर्यंत. सांगताना अण्णा हसून राह्यले होते. मी सीडीचा विषय काढला न्हाई.

२६ जानेवारी
झेंडावंदन. लांबचा प्रवास करून आलेल्याला गल्लीकडून टॉवेल-टोपी असते, ती अण्णांना दिली. अण्णा सगळ्यांना म्हणाले, मला कशाला, आमच्या भुजंगानं नेलं, हात धरून फिरवलं. अन् टोपी माझ्या डोक्यावर घातली. टाळ्या. लालमियाँ खाली बघून राह्यले. मी नको म्हणायला पाहिजे होतं. फोटोसुद्धा काढू दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घरी आल्यावर विचारलं, अण्णा, खोटं कशाला सांगितलं?
म्हणाले, लोक विचारतात ना, पोरगा असून दोस्तासोबत जावं लागलं व्हय म्हणून. काय सांगू मंग त्यांना?