कॅनमधलं पाणी

रेवाचे बाबा,

तुम्ही पांढुर्ण्याहून छताचा नवा पाइप घेऊन याल, तेव्हा आम्ही सौंसरच्या बसमध्ये असू. रेवाचा ताप उतरून नाही राहिला, डॉक्टरला दाखवून येते. आता मांडीवर झोपली आहे, तेवढ्यात लिहून राहिली.

इथं जामसांवलीत चार वाजले की हवा सुटते. पाइप बसवला तरी त्याआधी गाडीच्या बाजूचं कापडी छत गुंडाळून पट्टे आवळा. सावली पाहिजेच असेल तर एक बाजू खाली झुकवा आणि छताच्या दोन्ही पायांना वजनासाठी पाण्याच्या भरलेल्या कॅन बांधा. मामाजींनी सकाळीच नळावरून भरून आणल्या.

काल छत उडून पाइप मोडला तेव्हा रिकाम्या कॅन पाहून तुम्ही त्यांच्यावर ओरडले. "डोकं बरं व्हायला हनुमानापाशी आणलं तुम्हाले, अन् इथंही सांडलवंड," असं स्वतःच्या बापाला चार लोकांसमोर म्हणाले. पाणी त्यांनी नव्हतं सांडलं. नळावर रांग होती, रेवाचं अंग भाजत होतं, तिला पुसायला मीच काढलं. परत भरायचं राहून गेलं. तुम्ही ओरडून राहिले होते आणि मी खरं सांगितलं नाही. फार थकले होते.

मामाजींनी मला पाणी काढताना पाहिलं होतं. सकाळी मी माफी मागितली, तर म्हणाले, "राहू दे पोरी. मी तं येडाच आहो, माह्यावर खपून जाते."

पोळ्या डब्यात आहेत. आधी त्यांना वाढा, जवळ बसून.

प्रणिता