पत्ता बदलल्याची सूचना

ता. ३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

खांद्याचं हाड सांधलं, पण हात अजून डोक्यावर जात नाही. केस कारखान्यातली शिवणवाली विंचरून देते आणि वर म्हणते, ताई, तुम्ही माझ्या मालकीण नाही, बाहुली आहात. खाली आपला पडद्यांचा नवा कारखाना, वर माझी खोली. जागा बरी आहे, उजेड भरपूर.

आता मुद्द्याचं. धंदा आपल्या तिघांचा होता तेव्हा तुझ्या भाऊजींनी हट्टाने स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, म्हणजे सगळ्यांच्या मेलच्या पत्त्यात शेवटी त्याचं नाव. त्याला धंद्यातून बाहेर काढलं तरी रोज सकाळी मेल उघडताना मला त्याचंच नाव टाइप करावं लागतं. ज्याने मला दारावर आपटून खांदा मोडला, दात पाडले, पोटात लाथ घातली, त्याचं नाव. वर त्याच पत्त्यावर त्याच्या शिव्या येतातच. परवा लिहिलं, सापडलीस की चिरून टाकीन. तो चिरेल रे, मी संसार केलाय त्याच्याबरोबर. मी कुठे आहे हे त्याला माहीत नाही, म्हणून जिवंत आहे.

तेव्हा मुख्य डोमेन बदल आणि जुनं मुळापासून उपटून टाक. चालढकल नको. लहानपणी तुला अंघोळीलाही ढकलत न्यावं लागायचं, म्हणून बजावते.

तुझ्या बायकोला आणि पिल्लांना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

झालं एकदाचं! आधी नवं डोमेन विकत घेतलं, ते आपलंच आहे हे सिद्ध केलं, मग त्याला मुख्य केलं. पुढची सकाळ मात्र विचारू नकोस. सगळ्यांची लॉगिनची नावं बदललेली, कुणाचाच मेल उघडेना. कापड कापणारे आपले मास्तर म्हणाले, मला नोकरीवरून काढलं असेल तर तोंडावर सांगा. त्यांची समजूत घालता घालता माझा चहा गार झाला.

जुनं डोमेन मात्र सध्या दुय्यम म्हणून ठेवलंय, म्हणजे तिथे आलेला मेलही आपल्याला मिळत राहतो. रागावू नकोस. निम्मी गिऱ्हाइकं अजून तिथेच लिहितात, एकदम तोडलं तर ऑर्डरी हवेत जातील. त्याच्या शिव्या तुला दिसणार नाहीत, त्या मी परस्पर बाजूला काढतो.

आणि बाबांची शिस्त मोडली नाही हं. दुकान हलवलं तेव्हा बाबा प्रत्येकाच्या दारी जाऊन सांगून आले होते. मी तेच केलं, फक्त बसल्या जागी. जुन्या पत्त्यावर कुणीही लिहिलं की त्याला आपोआप उत्तर जातं: आमचं नाव बदललं आहे, नव्या कारखान्याचा पत्ता खाली दिला आहे, अवश्य भेट द्या. बायको म्हणाली, पहिल्यांदाच तुम्ही एखादं काम पूर्ण केलंत.

हाताला जप. तुझा राग ओसरला की दोन ओळी लिही.
तुझा बारक्या

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

हॉस्पिटलात तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहितो. ते उत्तर त्यालाही गेलं. तो शिव्या देणार, यंत्र त्याला नम्रपणे पत्ता देणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. त्याला आता भाऊजी म्हणायला जीभ वळत नाही. तू सामान बांध. दुसऱ्या गावी जागा पाहिली आहे. पुन्हा नवं नाव, नवं डोमेन घेऊ आणि या वेळी कुणालाही काही कळवायचं नाही.

मला तोंडाला येईल ते बोल, पण उत्तर दे.
बारक्या

ता. ९ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

बोलले नाही, कारण बोलले असते तर तुला थोबाडीत ठेवून दिली असती. भलेपणा करताना समोर कोण आहे ते बघायचं असतं, बारक्या. आता राग उतरलाय, पूर्ण नाही.

काय झालं ते एकदा लिहिते, पुन्हा विचारू नकोस. तो भरदुपारी आला. पडदे बघायचेत असं शिवणवालीला गोड आवाजात म्हणाला. मी झालरीला इस्त्री करत होते. त्याने पडद्याची लोखंडी दांडी उचलली आणि पहिला फटका त्याच खांद्यावर घातला. शिवणवाली मध्ये पडली तर तिचा जबडा फोडला. मग माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलं, मोबाइल नाकासमोर धरला आणि तुझं ते उत्तर मोठ्याने वाचायला लावलं. अवश्य भेट द्या. मी वाचलं. वाचता वाचता हाताला इस्त्रीची मूठ लागली.

ती इस्त्री मी त्याच्या तोंडावर दाबली आणि दाबून धरली. तो गुरासारखा ओरडला, मी हात काढला नाही. पडला तेव्हा त्याचीच दांडी घेऊन त्याचा उजवा हात मोडेपर्यंत मारत राहिले. फुटल्या जबड्याने शिवणवाली मला मागे ओढत होती, म्हणून तो जिवंत आहे. मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं का, ते माहीत नाही.

वकीलबाई म्हणतात, तो जामिनावर सुटेल. तू म्हणतोस, पळ. शिवणवाली अजून नळीने पेज घेते, आणि मी तिला सोडून जाऊ? ती जागा नको म्हणून कळव. तुझं ते आपोआप जाणारं उत्तर बंद करू नकोस. त्यात पत्त्याखाली माझं नाव घाल, पूर्ण, ठळक अक्षरात. तो सुटला की कुठे यायचं हे त्याला माहीत आहे. मी इथेच असेन.

पिल्लांचे पापे. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, तूही होऊ देऊ नकोस.
तुझी ताई