खुर्चीवाल्या बाईचा सिनेमा

मूल, जि. चांदा
शुक्रवार, ता. २३ नोव्हेंबर १९५६

सौ. कमळावहिनींस,
धाकट्या भैयाजीचा नमस्कार.

इकडे सारं ठीक. तुमची खुशाली कळवा असं लिहायला मला तोंड नाही, कारण तुम्ही दसऱ्यालाच कळवलीत आणि मी दिवाळी उलटून मंडईची जत्रा झाली तरी मिठाची गुळणी धरून बसलो. माय बरी आहे. गुडघे धरतात, पण धान कापायला बाया लागल्या की ही सगळ्यांच्या आधी बांधावर हजर. नवीन बातमी म्हणजे आपण आता मुंबई राज्यात गेलो. शाळेत झेंडा लावला, पोरांना साखर वाटली. खडू मात्र पूर्वी नव्हता तो आताही नाही.

वर ‘सौ.’ लिहिताना टाक अडला होता. पण लिहिलं.

तुमचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात आहे. मायला अजून वाचून दाखवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागणं तुमचं वाजवी आहे. लटारूदादा लढाईत बेपत्ता झाला त्याला या कार्तिकात बारा वर्षं झाली. आता शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे तुम्ही मोकळ्या व्हाल, आणि तुमच्या दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरांशी तुमचा पाट लागू शकेल. आपल्यात पाट लावायला कोणी नाक मुरडत नाही. पण नवऱ्याची क्रिया झाल्याशिवाय तो लागणार कसा, आणि माय हो म्हटल्याशिवाय क्रिया होणार कशी? तो बेपत्ता असल्याची तार आली तेव्हा माय काय म्हणाली ते तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून ऐकलं आहे. "कागदानं माणूस मरते का?" नंतर इटलीत मेला असं समजावं म्हणून पलटणीचं पत्र आलं, ते तिने चुलीत घातलं. आणि तुम्ही वर्ध्याला नर्सिंग शिकायला गेलात त्याच वर्षी कोणीतरी तिच्यासमोर पळसाच्या पुतळ्याचं नाव काढलं. तेव्हापासून आपल्या घरात पळसाची पत्रावळ येत नाही. लग्न असो की बारसं, पाहुण्याने मोहाच्या पानावरच जेवायचं.

बसवत नाही, वहिनी. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. आधी सिनेमाचं सांगतो. बाकीचं त्यातूनच निघेल.

लियाकत शेठ तुम्हाला आठवत असतील. फिरता तंबू घेऊन येतात तेच. तुम्ही न् दादानं लग्नानंतर पहिला सिनेमा त्यांच्याच तंबूत पाहिला होता. या मंडईला त्यांनी नागपूरहून देवाधर्माचा खेळ मागवला होता. पाच गावांत दवंडी फिरली. बैलबंड्या भरून बाया-पोरं आली. पेटी आली नागभीडच्या गाडीने, तंबू भरल्यावर उघडली, तर आत भलत्याच सिनेमाची रिळं! नागपुरात कुठल्या शहाण्या मंडळींनी विलायती खेळ मागवला होता, त्याची पेटी इकडे आली आणि आपले देव तिकडे गेले. शेठ घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "मास्तर, इज्जत का सवाल हाये. खाली इंग्रजी अक्षरं येतेत. तुमी वाचा न् भोंग्यावरून मराठीत सांगा." मीही फुशारून बसलो. मॅट्रिक पास माणूस, म्हटलं त्यात काय!

वहिनी, असा सिनेमा वैऱ्यालाही दाखवू नये. गाणं नाही, मारामारी नाही, हसणं नाही. काळ्या लुगड्यासारखा झगा घातलेली एक म्हातारी पाठीवर लाकडी खुर्ची बांधून बर्फातून चालते. गावात येते, एकेका दारापुढे खुर्ची ठेवते आणि बाजूला उभी राहते. घरातली माणसं बाहेर येऊन खुर्चीकडे बघतात आणि दार लावून घेतात. मग पुढचं गाव. मध्येच गोठलेल्या नदीवर एक पांढरा घोडा नुसता उभा राहतो. मध्येच देवळातली घंटा हलते, पण वाजत नाही. खाली अक्षरं येतात ती दहा मिनिटांत एखादी ओळ. "तो इथे बसत असे", एवढंच. मी भोंग्यावरून ते सांगितलं आणि पुढं बोलायला काहीच नाही!

तंबूत कालवा सुरू झाला.

"मास्तर, हे बाई खुर्ची घेऊन कुठी जाऊन राह्यली?"

"बाजारात इकाले जाऊन राह्यली असंल."

"मंग भाव काऊन सांगत नाई?"

"न् घोडा कायले उभा हाये? त्याच्यावर टाक न खुर्ची!"

अर्धी माणसं शिव्या देत उठली आणि पलीकडे दंडारीचं नाचगाणं चाललं होतं तिकडे गेली. अर्धी तशीच बसून राहिली. का बसली, त्यांनाही सांगता येणार नाही. बायांच्या बाजूची तर एकही उठली नव्हती. माय पुढेच होती, बांबूच्या तट्ट्याला टेकून. तिने तिथूनच मला विचारलं, "भैया, हे पांढरं काय हाये?"

"बर्फ, माय."

"लटारू गेला तिथी असंच असते?"

मी हो म्हटलं. खरं सांगतो, पडद्यावरचा तो देश कुठला ते मला अजूनही ठाऊक नाही. डब्यावरचं नाव मला वाचता आलं नाही. पण भर तंबूत, हातात भोंगा घेऊन, मी हो म्हटलं.

शेवटाकडे ती म्हातारी गवताच्या पेंढ्या गोळा करते. त्या बांधून माणूस करते, हात करते, पाय करते. ते बघताच मागून कलाबाई ओरडली, "अवो, हे त पळसाचं मडं करून राह्यली! पोराचं करते वाटते!" आणि साऱ्या तंबूला एका दमात सिनेमा समजला. मलाही तेव्हाच समजला.

माय ताडकन उठली. "बंद कर ते, भैया! जितं पोरगं जाळाले निंगाली रांड!" आणि माणसांच्या पायांवर पाय देत बाहेर गेली. मी भोंगा टाकून तिच्या मागे धावलो. घरी येऊन ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या हॉटेलात चांद्याचे एक वकील बसले होते, ते म्हणाले, खुर्ची म्हणजे देव. देव उठून गेला, जागा रिकामी राहिली. रेंजर साहेब म्हणाले, छे, खुर्ची म्हणजे राजसत्ता, लढाईनंतर युरोपात कोणी राजा उरला नाही. पांढऱ्या घोड्यावरून तर दोघांची अशी जुंपली की हॉटेलवाल्याने चहा देणं थांबवलं. गिरणीवाला म्हणाला, अर्थ कसला, शेठने गावाला शेंडी लावली. मी रेंजर साहेबांना सांगितलं की बाया त्याला मुलाचा पुतळा म्हणतात. ते हसले. तिकडे थंडी संपताना थंडीचाच पुतळा करून जाळतात म्हणे, ती प्रथा आहे. असेलही. साहेब पुस्तकं वाचतात.

पण खरं भांडण विहिरीवर होतं. तिथे घोड्याचं नावही कोणी काढलं नाही. कलाबाई म्हणे, "तिनं जाळाले नाई पायजे होतं. उद्या पोरगं आलं त?" सोमारी म्हणे, "न् नाई आलं त? जलमभर खुर्चीच वाहाची का?" बघता बघता साऱ्या आळीत दोन तट पडले. माय घागर घेऊन गेली की दोन्ही तट गप्प. ती पाणी भरून यायची. घरात भांडी आपटायची. माझ्याकडे बघायची नाही, आणि मी खिशावर हात ठेवून फिरायचो. शाळेत पाढे म्हणवून घेताना चुकायला लागलो. पोरांनी ते सुधारून दिलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुम्हाला आवडणार नाही. पत्र मी मायला भिऊन लपवलं असं मीच मला सांगत होतो. ते अर्धंच खरं. मला तुमचा राग आला होता. दादा गेला तेव्हा मी शाळकरी होतो. तो कसा शीळ घालायचा, ताकात किती मीठ घालायचा, झोपेत काय बरळायचा, हे या जगात मायखेरीज फक्त तुम्हाला माहीत. तुम्ही दुसऱ्या घरी गेलात की मी कोणाशी बोलायचं? म्हणून तुमच्या त्या कंपाउंडरांना मी मनात पुष्कळ नावं ठेवली. न पाहिलेल्या माणसाला. लाज वाटते.

परवा नवलच झालं. पेटी परत न्यायची गाडी चुकली, आणि बाया लियाकत शेठकडे गेल्या: खुर्चीवाल्या बाईचा सिनेमा पुन्हा लावा, आमचं भांडण तुटत नाही. शेठ म्हणाले, "मास्तर, बत्तीस साल से धंदा कर राह्यलो, असं कधी पायलं नाई." मी मायला काही बोललो नाही. मी तंबूत गेलो तर ती आधीच पुढे बसलेली.

या वेळी तिने सारा सिनेमा पाहिला. पुतळा बांधताना ती हलली नाही. म्हातारी पुतळ्याला खुर्चीत बसवते. मग गाठोड्यातून एक कोट काढते, त्याचे हात गवताच्या हातांत घालते, एकेक बटण लावते, कॉलर वर करते. आणि मग पेटवते. खुर्चीही जळते. ती रिकाम्या पाठीने निघते, आणि थोडं पुढे गेल्यावर बर्फावरच बसते. साऱ्या सिनेमात ती पहिल्यांदा बसलेली दिसते. खाली अक्षरं काहीच येत नाहीत. मला भोंग्यावरून काही सांगायचं नव्हतं ते बरं झालं, सांगता आलं नसतं.

दिवे लागल्यावर मायने एवढंच विचारलं, "जाळाचंच होतं, मंग कोट काऊन घातला त्याले?"

मी म्हटलं, "थंडी होती ना, माय."

काल सकाळी उठलो तर माय घरात नाही. शोधत शेतावर गेलो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाखाली ती उभी, फांदी वाकवून पानं तोडते आहे. पदराचा एक ओटा भरला होता. इतक्या वर्षांत तिने त्या झाडाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. मीही तोडायला लागलो.

"फाटकं घेऊ नको," ती म्हणाली. मग दुसरी फांदी वाकवून, "कमळीचं पत्र दसऱ्याले आलं ना? डाकवाला सांगत होता. तू मले काऊन नाई वाचून दाखवलं?"

मी खिशातून काढलं आणि तिथेच वाचलं. सगळं, कंपाउंडरांसकट. ती ऐकताना पानांचे देठ खुडत होती. संपल्यावर म्हणाली, "माणूस चांगला हाये का?"

मी म्हटलं, वहिनी पारखूनच निवडतील.

"मी वाट पाहीन. माई गोष्ट अलग हाये, मी माय हाये. पन तिच्या पाठीवर खुर्ची कायले? तिले म्हना, ये. क्रिया होऊन जाऊ दे. न् पाट इथूनच लावू, आपल्या अंगनातून. तिले तिकडं माहेर कुठी हाये?"

मग ती रडली. मीही रडलो. धान कापणाऱ्या बाया बघत होत्या, बघू दे.

भटजींना विचारून आलो. कार्तिकी अमावास्या पुढच्या रविवारी, ता. २ डिसेंबरला आहे. तुम्ही शनिवारच्या गाडीने या, मी स्टेशनवर येतो. पुतळा मायच बांधणार आहे, भटजी नको म्हणाले तरी. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. कंपाउंडर आले तर त्यांनाही आणा. माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना ताक चालतं का ते कळवा.

आणि एक काम आहे. मायने मला तीनदा बजावलं आहे म्हणून मुद्दाम शेवटी लिहितो, म्हणजे विसरणार नाही. शाळेच्या बाईंनी शिकवला म्हणून दादासाठी तुम्ही जो खाकी स्वेटर विणायला घेतला होता, आणि तार आल्यावर सुयांसकट बांधून ठेवलात, तो तुमच्या ट्रंकेत आहे हे तिला ठाऊक आहे. तो घेऊन या. मी म्हटलं, माय, त्याला एकच बाही आहे. ती म्हणाली, "असू दे. एका हाताले तरी ऊब भेटंल. तिथी थंडी लय हाये, मी पायली."

तुमची वाट पाहणारा,
भैयाजी