अंगठ्याचा कागद

नरसिंहा,

आईने लावलेली काजूची झाडं तोडून जमीन कंपनीला रबरासाठी द्यायची, म्हणून माझ्या अंगठ्यासाठी तू कागद पाठवलास. ताई, कशी आहेस, एवढंही विचारलं नाहीस.

इथे गुडगावच्या टॉवरमध्ये मी स्वयंपाक करते; हे पत्रही इथल्या एका मराठी बाईंकडून लिहून घेतेय. गेटवरचं नवीन मशीन माझा अंगठा घेत नाही. गार्ड हसतो, "आंटी, लकीरें कहाँ बेच आईं?" त्याला काय सांगू? तू शिकावास म्हणून वर्षानुवर्षं काजू फोडले, त्या चिकाने बोटं जळली आणि रेषा गेल्या.

काल तुझ्या कागदावर अंगठा दाबला. नुसता काळा डाग उमटला. तुला तेवढाही पुरेल, मला ठाऊक आहे. म्हणूनच पाठवत नाही. कागद माझ्या पेटीत आहे तोवर आईची झाडं उभी आहेत.

तुझी ताई,
कुसुम