दोनशे फूट वायर

वाशीम,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय धम्मपाल,

सप्रेम जयभीम. निता कशी आहे? पित्ताशयातले खडे काढले की लगेच बरं वाटतं असं सगळे म्हणतात, पण तिला महिनाभर तरी काही जड उचलू देऊ नकोस. मी इथून नुसती विचारते आहे, याचं मलाही वाईट वाटतं. शाळेत सहामाहीचे पेपर काढणं चालू आहे. काल केनवडला बाबांकडे जाऊन आले. एसटीतून दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसत होतं, शेंगा चांगल्या भरल्यात. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन रोज संध्याकाळी सुरू आहे. बाबा जेवतात-खातात नीट.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मंगळवारी तू पाठवलेला मेसेज मी पाच-सहा वेळा वाचला. ‘सुनेचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं, तर बाबा म्हणाले, बरं, ठीक हाये, तिकडं पाणी हाये का? आणि फोन ठेवला. ताई, आता मी केनवडला फोन करणार नाही. वर्षावासाच्या समारोपालाही येणार नाही.’ मी दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग शाळेतून येताना कागद घेऊन आले.

तुला आपला साउंड आठवतो ना रे? दोन भोंगे, एक अँप्लिफायर, ट्रॅक्टरची बॅटरी आणि बाबांची ती सायकल. बाबा माईकवर कधी ‘हॅलो हॅलो’ करायचे नाहीत. मला माईकसमोर उभी करायचे आणि सतराचा पाढा म्हणायला लावायचे. तू वायरीची गुंडाळी खांद्यावर घेऊन उभा. ते स्वतः चालत पार मागे जायचे, जिथे बायका बसायच्या तिथे. सतरा साते शेवटच्या बाईला कळलं पाहिजे, असा त्यांचा नियम होता. आई तिथेच बसायची आणि पदराआडून हसायची, कारण सतरा साते मी हमखास चुकायचे.

आवाज मागे पातळ वाटला की बाबा आधी वायर बघायचे. “वायर लांबली का आवाज जीव सोडते,” म्हणायचे, आणि अँप्लिफायर उचलून भोंग्यांजवळ न्यायचे. त्या पातळ वायरींच्या काळात ते खरंच होतं. तूही त्यांच्याकडूनच शिकलास.

म्हणून तीन वर्षांपूर्वी समारोपाच्या दिवशी तू पुण्याहून तो डिजिटल मिक्सर आणि निळ्या वायरीचं भेंडोळं घेऊन आलास, तेव्हा बाबांनी आधी वायरच हातात धरली.

“किती फूट?”

“दोनशे.”

“मंग आवाज जाते मागं? आखूड कर.”

तू किती शांतपणे समजावलं होतंस, मला आठवतं. यातून आवाज जातच नाही बाबा, आकडे जातात. पोचले तर जसेच्या तसे पोचतात. फारच लांब झाली तर तडतडेल, बंद पडेल, पण पातळ होणार नाही. बाबा म्हणाले, “मले शिकवू नको. मले इथं बसून पातळ येऊन राह्यला.” लोक जमले होते. जानरावकाकांनी मिटवायला म्हणून आणखी पेटवलं, “मंग घ्या ना परीक्षा.”

परीक्षा घेतली. मिक्सर आणि माईक ज्यात जोडतात तो स्टेजवरचा डबा शेजारी-शेजारी ठेवले. मध्ये एकदा दोनशे फुटांचं भेंडोळं जोडायचं, एकदा दहा फुटांचा तुकडा. बाबा मागच्या रांगेत, पाठ करून. वायर बदलायचं काम माझ्याकडे होतं. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, “ताई, बदलू नको. नुसती खाली वाक.” मी वाकले. बाबा म्हणाले, “हा. हा आवाज भरीव. आखूड वायर हाये ही.”

तू सगळ्यांसमोर सांगितलंस की वायर बदललीच नव्हती. जानरावकाका म्हणाले, “देवमनभाऊ, वायर आखूड करन्यापरीस आता तुमीच पुढं येऊन बसा.” सगळं विहार हसलं. बाबा उठून घरी गेले. तू रात्रीच मिक्सर गाडीत टाकून निघालास.

तुला वाटत आलं की त्या दिवसाचा राग बाबांनी धरून ठेवलाय, म्हणून ते फोनवर दोन शब्दांच्या पुढे जात नाहीत.

धम्मपाल, बाबांना ऐकू येत नाही.

आताचं नाही, तेव्हापासूनचं. त्या समारोपाच्या तीन महिने आधी मी त्यांना वाशीमला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेले होते. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. “त्याले सांगू नको. साउंडवाल्याचे कान गेले म्हटल्यावर कोन बोलावन?” कानाचं यंत्र घेतलं, पण चार दिवस लावून डबीत ठेवलं. शिट्टी मारते म्हणतात. मी खूप समजावलं. शेवटी चिडून म्हणाले, “वायर आखूड करता येते, सुकेशनी. कानाचं काय करू?”

म्हणजे तू मला वाकायला सांगितलंस, तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी वाकले ती तुझं ऐकून नाही. मला वाटलं, एकदा चारचौघांत हरले की यंत्र लावतील. माझ्या बापावर मी जाणूनबुजून लोकांना हसू दिलं. आणि तू निघून गेलास तेव्हा, एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास, तरी गप्प बसले. दिलेला शब्द पाळते आहे असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी कशासाठी वाकले ते कुणाला कळू नये, एवढंच होतं.

या तीन वर्षांत उरलेलंही बहुतेक गेलं. फोन आला की ते अंदाजाने बोलतात. ‘बरं, ठीक हाये,’ पाणी, पीक, आणि ठेवून देतात. समोरचा काय म्हणाला ते त्यांना ठाऊक नसतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटते.

काल मी कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, ‘निताचं ऑपरेशन झालं. धम्मपालने तुम्हाला फोनवर सांगितलं होतं.’ त्यांनी बोटाने एकेक शब्द वाचला. मग विचारलं, “मी काय बोललो त्याले?”

मी लिहिलं. खोटं लिहिता आलं असतं.

ते अंगणात गेले, परत आले. चहा ठेवला होता तो घेतला नाही. मग म्हणाले, “त्याले लिहिजो, वायरीत काही नव्हतं. त्याची वायर बराबर व्हती. बाकी काई लिहू नको.”

बाकी मी लिहिलं आहे. शब्द मोडला, आणि तो मोडल्याचं त्यांनाही मीच सांगेन, म्हणजे या वेळी तरी कुणाच्या आड लपणार नाही. तू माझ्यावर रागव. तो राग माझ्याच वाट्याचा होता.

समारोप ६ ऑक्टोबरला आहे. निता प्रवासाला तयार नसेल तर एकटा ये, एका दिवसासाठी ये. सामान काही आणू नकोस, साउंड या वेळी रिसोडहून येणार आहे. तुला बोलावलंय हे बाबांना मी कळवलेलं नाही. आलास की बाहेरून हाक मारू नकोस, त्यांना कळणार नाही आणि तुला वाईट वाटेल. सरळ आत ये. खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बस, अगदी टेकून, आणि कानाशी सावकाश बोल. तिकडून अजून थोडंसं पोचतं.

तुझी चुकलेली,
ताई